घरटी एक फांदी

संग्रामपूरजवळच्या एका गावात सुगराबी पिंजारीण राहायची. कापूस पिंजायची कमान खांद्यावर टाकून ती घरोघर गाद्या भरत फिरे. जिभेला हाड नव्हतं, पण मनानं साफ. तरीही बेचाळीस साली तिनं गावातल्याच इंद्रभानच्या दारात काट्याची फांदी टाकली. चांगल्या माणसांचं असंच असतं. चारचौघांत असली की ती लाजसुद्धा वाटून घेतात.

झालं असं, की गावाबाहेर कुणीतरी सरकारी तारा तोडल्या. पोलीस नाव मागू लागले, तेव्हा हिंमतराव पाटलानं इंद्रभानला एका निरपराध माणसाचं नाव सांगायला फर्मावलं. "पाह्यलं नाही ते मी सांगत नाही," एवढंच इंद्रभान बोलला. पाटील पक्का धूर्त. त्यानं ना काठी उगारली, ना शिवी दिली. इंद्रभान वळणावर येईपर्यंत त्याचं दार काट्यांनी बुजवायचं ठरवलं आणि घरटी बाभळीची एकच फांदी मागितली. "गाव करील ते राव काय करील," असं हसून म्हणाला. एकट्यानं दार बुजवलं तर पाप त्याच्या माथी; गावानं बुजवलं तर कुणाच्याच नाही, हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सुगराबी त्या दारावरून चालली होती. आत तहानेली गाय हंबरत होती. आत कोंडलेल्या इंद्रभानची बायको कौशल्याबाई कुडाआडून येणाऱ्याजाणाऱ्याला घागरभर पाणी मागत होती.

"माही तं एकच फांदी हाये," पारावरचा पुंजाजी कुणी न विचारताच म्हणाला. सुगराबीनंही स्वतःची समजूत अशीच घातली होती. तिला स्वतःची किळस आली.

कमान खाली ठेवून ती आपली फांदी काढायला वाकली. पण फांद्या सगळ्या सारख्याच. ही ओढून पाहिली, ती ओढून पाहिली. आपली कोणती ते काही केल्या कळेना. मग तिनं पदर खोचला आणि हाताला येईल ती फांदी उपसून रस्त्यावर फेकू लागली. हात रक्ताळले तरी थांबली नाही.

पाटील तरातरा आला. "सुगराबी, लोकायच्या फांद्या काऊन उपसून राह्यली तू?"

"माही वळखू येत नाही, पाटील. मंग साऱ्याच माह्या."

"उद्या तुह्या दारात पडतीन."

"पडू द्या. पण आज ज्याची असन त्यानं पुढं यावं. आपली वळखावी, अन् या बाईच्या डोळ्यासमोर पुन्हा लावावी. तुमी बी या. तुमची कोणती?"

पाटलाची त्या ढिगात एकही नव्हती. ते त्या क्षणी साऱ्या पाराच्या ध्यानात आलं. पुंजाजीनं मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

गाय मोकळ्या दारातून बाहेर आली आणि सरळ पाण्यावर गेली. इंद्रभाननं नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही. पाटलाच्या घरचं काम सुगराबीला पुन्हा कधी मिळालं नाही, आणि तीही मागायला गेली नाही. त्या फांद्या मात्र तिनं घरी नेल्या आणि हिवाळाभर त्यांच्यावर भाकरी भाजल्या. आपली फांदी परत मागायला गावातलं एकही घर आलं नाही.