सोपानची ओ

भूतखेत, चकवा, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. आधीही मानत नव्हते आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. तरी लिहितेय, कारण इतकी वर्षं लोक मला खोटं पाडताहेत आणि ते मला अजिबात मान्य नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. नेरूळची आमची सोसायटी तेव्हा नवी होती, बाबा सीबीडीला सरकारी ऑफिसात. मला चंद्रपूरला जाऊन कोळशाच्या खाणींचे फोटो काढायचे होते. बाबांची अट — आधी घराजवळच्या दगडखाणींचे काढून दाखव, धडधाकट परत येतेस का बघू, मग चंद्रपूर. म्हणून मी महापेच्या मागच्या डोंगरात जागा हेरत फिरायचे. ऊन कुठून येतं, ट्रायपॉड कुठे टेकेल, वगैरे.

एका खाणीवर साताऱ्याकडची माणसं होती. मुकादम तात्या. सुरुंगाला बत्ती द्यायच्या आधी ते आडोशाला उभं राहून एकेकाचं नाव पुकारायचे आणि ज्याने-त्याने ‘ओ’ द्यायची. शेवटचं नाव सोपानचं. हा सोपान तिथेच सुरुंगात गेला होता. त्या दिवशी म्हणे नावं न पुकारताच बत्ती दिली होती. तेव्हापासून त्याचंही नाव घ्यायचे, जरा थांबायचे, मग बत्ती. मला ते आवडलं होतं. मी त्याला शिस्त म्हणायचे.

त्या दुपारी “निघते हं तात्या” म्हणून मी निघालेही होते. पण ढग सरले आणि पलीकडच्या खड्ड्यात असं काही ऊन उतरलं की मी मागच्या पायवाटेने परत आत गेले. डोक्यावर ओढणी घेऊन कॅमेऱ्याला डोळा लावून बसले. वारा उलटा होता, आडोशाकडची हाक मला ऐकूच आली नाही.

खांद्यावर हात पडला. बघते तर तात्या, चेहरा पांढराफटक.

“तुमी ओ दिली का ताई?”

“कसली ओ?”

“सोपानच्या नावाला. आमी समद्यांनी ऐकली. हितनंच आली.”

मी टेकले होते त्याच कातळात दारू ठासलेली होती. घाबरले, उगाच शूरपणा कशाला सांगू?

बाबा म्हणाले, “तूच दिली असशील, भीतीने विसरलीस. आता चंद्रपूर विसर.” आई म्हणाली, सोपानने वाचवलं, नारळ फोड. मी दोघांचंही ऐकलं नाही. जी हाक ऐकलीच नाही तिला ओ देईन कशी? प्रतिध्वनी म्हणावा, तर दुसऱ्या दिवशी आडोशाला उभी राहून मीच सोपानला हाका मारून पाहिल्या... डोंगर गप्प. तात्यांना विचारलं, आवाज बाईचा होता की पुरुषाचा?

“ओ ती ओ ताई. कुनाची ते कसं वळखायचं?”

महापेचं काम मी पुरं केलं, आणि बाबांशी भांडून चंद्रपूरलाही गेले. नारळ फोडला नाही. तात्यांनी मात्र त्या दुपारनंतर सोपानच्या आधी माझं नाव घालून टाकलं. मी ओ द्यायचे. मग सोपानचं नाव, आणि सगळे पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबायचे. मीही. त्याने परत कधी ओ दिली नाही.

‘त्याने’ असं लिहून गेले खरं. राहू दे. कोणी दिली ते मला आजही ठाऊक नाही. पण मी दिली नव्हती. नव्हती म्हणजे नव्हती.