गुलाबदाणी जिच्या हाती

वहिनी गेल्याची बातमी मला गावातल्या फ्रीगंज बाजारात, औषधाच्या दुकानात कळली. शेजारचे शर्माजी धापा टाकत आले आणि एवढंच म्हणाले, "भैया, घर चलो." बाटली तशीच काउंटरवर राहिली... महिना उलटला, तरी त्या दुकानावरून मला जाववत नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. दादा सरकारी नोकर. आधी रियासतीचा, मग मध्य भारताचा, आता नव्या मध्य प्रदेशाचा. राज्यं बदलत गेली, दादाची धास्ती तीच राहिली: नवे साहेब आपल्याला ठेवतील ना? त्या धास्तीत आमचं सगळं घरच कोंडलेलं. मोठ्यानं बोलायचं नाही, दारात बसून वर्तमानपत्र वाचायचं नाही.

अशा घरात वहिनीनं एका चैत्रात मिलच्या वस्तीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. दादानं स्वतः कैऱ्या आणून दिल्या. बायकांच्या समारंभात कसलं आलंय राजकारण! पण डाळ-पन्हं झाल्यावर बायका उठल्याच नाहीत. वस्तीत नळ नाही, आणि कुठे हवा ते आम्हाला कुणी विचारत नाही, यावर बोलू लागल्या. सगळ्या एकदमच बोलत, म्हणून वहिनीनं नियम केला. गुलाबदाणी जिच्या हातात, तिनंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. गुलाबदाणी फिरत फिरत सगळ्यांत अबोल बाईकडे जाई, आणि ती तोंड उघडेपर्यंत सगळ्या थांबून राहत.

गावातले पुढारी 'हळदीकुंकू पार्टी' म्हणून हसायचे. हसोत बापडे! स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतर मी सभा काही थोड्या ऐकल्या नाहीत. गप्प माणसासाठी थांबलेली सभा मी हीच पाहिली. या बायकांच्या चळवळीला हसण्यावारी नेऊ नका, असं मी म्हणतो ते एवढ्यासाठीच.

पुढे बायका नगरपालिकेच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या, वहिनीही त्यांच्यात. साहेबांनी दादाला विचारलं, "ये सब आपके घर से चल रहा है?" दादा घामाघूम होऊन घरी आला.

"आजपासून उंबरठा ओलांडायचा नाही. नोकरी गेली तर खाणार काय?"

"नाही ओलांडणार," वहिनी म्हणाली. "पण दारी आलेल्या सवाष्णीला कुंकू लावल्याशिवाय परत कशी पाठवू?"

बायका येत राहिल्या, बैठक चालू राहिली, आणि वहिनी शब्दाला जागून आतच राहिली. वस्तीत नळ आला त्या दिवशी रामप्यारीनं तांब्याभर पाणी तिच्यासाठी आणलं. बैठकीत सगळ्यांत शेवटी बोलायला लागलेली बाई ही. उंबरठ्याच्या आत उभी राहून वहिनी ते पाणी प्यायली. मग तिनं विचारलं, "कैसा दिखता है नल?" वस्ती आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर... मला तिथं उभं राहवेना. पुढे तिला आजारानं गाठलं, आणि ती त्या उंबरठ्याबाहेर पडली ती चौघांच्या खांद्यावरूनच.

सांत्वनाला सगळी वस्ती आली. दादा मान खाली घालून बसलेला. रामप्यारी उठली, कोनाड्यातली गुलाबदाणी काढून तिनं त्याच्या हातात ठेवली.

"भाईसाब, अब आप बोलो. हम सुनेंगे."

दादाला बोलता आलं नाही. कुणी घाई केली नाही. अंधारून आलं तेव्हा बायका उठल्या.

आता दादाची भोपाळला बदली झाली आहे. सामान बांधून तयार आहे, गुलाबदाणी मात्र तो बांधू देत नाही. रोज संध्याकाळी ती हातात धरून उंबरठ्याच्या आत बसतो. रामप्यारी येते, समोर बसते. अजून तो काही बोललेला नाही. ती थांबली आहे.