झाईच्या भिंतीवरचं कासव

२०१६ सालची दिवाळी नुकतीच सरली होती. समुद्रकाठच्या झाई गावातल्या एका शाळेची बाहेरची भिंत रंगवायचं काम माझ्याकडे आलं. मी समुद्रापासून आत, तलासरीजवळच्या पाड्यावरची. लग्नघराच्या भिंतीवर वारली चौक लिहायला, म्हणजे काढायला, आईच्या हाताखाली शिकले. मोर, ताडाची झाडं, बैल, भाताची खाचरं मी डोळे मिटूनही काढीन. पण शाळेच्या बाई म्हणाल्या, "इथली बरीच मुलं कोळ्यांची. आम्हाला समुद्र हवा."

"काढते की," मी म्हटलं. मासे बाजारात पाहिले होते, खाल्ले होते, त्यात काय एवढं! दोन दिवसांत गेरूच्या भिंतीवर पांढऱ्या माशांची रांगच्या रांग उभी केली.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारी कोळीण टोपली घेऊन भिंतीपाशी थांबली.

"बाय, ह्यातला बोंबील कुठला?"

मी एक दाखवला.

"आणि पापलेट?"

मी शेजारचा दाखवला. ती खो खो हसली. "अगो, हे तर सगळे एका आईचे दिसतात! उद्या सकाळी किनाऱ्यावर ये. बघ आणि मग काढ."

मला राग आला, पण तो शिडी उतरेपर्यंतच टिकला. म्हातारी खरंच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने पोचले. बोटी नुकत्याच लागल्या होत्या. म्हातारी मला हाताला धरून या ढिगापासून त्या ढिगापर्यंत फिरवत होती. बोंबील हातात घेतला तर लिबलिबीत, आ वासलेला, आणि अंगातून चक्क उजेड दिसत होता! पापलेट पिंपळाच्या पानासारखं चपटं. माझी पेन्सिल थांबेना. वहीची पानं ओली झाली तरी मी काढतच होते.

तेवढ्यात एका बोटीवरून ओरडा झाला, "कासव! जाळ्यात कासव आलंय!"

मी धावले. आमच्या ओढ्यातलं कासव तळहाताएवढं असतं. हे परातीपेक्षा मोठं, शेवाळी रंगाचं, पुढचे दोन पाय वल्ह्यांसारखे. त्यांना जाळ्याचा पीळ बसला होता. म्हातारीच्या मुलाने सुरी काढली आणि सरळ जाळं कापायला लागला.

"एवढं चांगलं जाळं!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"जाळं परत विणता येतं," तो मान वर न करता म्हणाला. "हा देव आहे आमचा."

म्हातारीने कासवाच्या पाठीवर पाणी ओतलं, कुंकू लावलं. मग मला म्हणाली, "हात लाव, बाय. घाबरू नको."

मी हात ठेवला. पाठ थंडगार, आणि आतून एक मोठा श्वास वर आला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. वाळूवरून ते खुरडत गेलं, थांबलं, पुन्हा सरकलं. पण पहिली लाट अंगाखाली आली मात्र, आणि ते उडालं! दुसरा शब्दच नाही माझ्याकडे. घारीने पंख पसरावेत तसे ते दोन पाय पसरले आणि क्षणात ते दिसेनासं झालं. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून टाळ्या वाजवत होते.

तशीच ओल्या लुगड्याने शाळेत गेले आणि अर्धी भिंत पुन्हा गेरूने पुसून काढली. बाई घाबरल्या. "अहो, हे काय करताय?"

"बाई, आता खरा समुद्र काढते!"

वहीतले मासे भिंतीवर भराभर उतरले, कासव मात्र सहज जमलं नाही. आमच्या चित्रात अंग त्रिकोणांचं असतं. पहिल्यांदा काढलं ते उपडी टोपली दिसलं. दुसऱ्यांदा ढाल. मग पाठीचा नाद सोडला आणि आधी नुसते ते दोन पसरलेले पाय काढले, लांब, वाकडे, हवा कापणारे. पाठ त्यांच्यामागून आपोआप आली. पाठीवरच्या चौकटी मी खाचरांच्या बांधांसारख्या लिहिल्या.

दोन दिवसांनी चित्र पुरं झालं आणि मधल्या सुट्टीत मुलं बाहेर आली. "हा बोंबील! ही मांदेली!" न विचारता एकेक नाव घेत सुटली. एक मुलगी कासवासमोर नुसती बघत राहिली, मग दोन्ही हात पसरून पटांगणभर पोहायला लागली. तिच्यामागे दुसरी, मग सगळा वर्ग. घंटा झाली, बाई हाका मारून दमल्या, तरी एकही पोर आत जाईना.