डब्यांतली गाडी

फिटरांच्या घरातली मागची खोली बघून कुणालाही वाटावं, हे भंगाराचं दुकान आहे. मधोमध दोन लाकडी खोक्यांवर मोटरसायकलचा नुसता सांगाडा, चाकं भिंतीला टेकवलेली, टाकी जुन्या चादरीत गुंडाळलेली. इंजिन कुठे म्हणाल, तर इंजिन डब्यांत होतं. बिस्किटांचे, पावडरचे, बूटपॉलिशचे, मिळतील तसले डबे, आणि ते फळीवर, खिडकीत, जमिनीवर असे काही मांडलेले की पाय ठेवायची सोय नाही. गाडी जपानी, टू-स्ट्रोक, फिटरांनी लग्नाच्या सुमारास जुनीच घेतलेली. म्हणजे त्या घरात ती बाईंच्या थोडी आधी आली होती, आणि ही गोष्ट फिटर बाईंना विसरू देत नसत.

फिटर म्हणजे सूतगिरणीतले मशीन दुरुस्तीचे फिटर. गिरणी सुटली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. बाई म्हणजे त्यांची बायको. त्यांनी बाजारातल्या बटणांच्या दुकानात जन्म काढला होता. शिंपी तुटकं बटण घेऊन यायचा, आणि बाई मागे वळूनही न बघता नेमका डबा काढून त्याच्यापुढे ठेवायच्या. दोघं आपापल्या कामात चोख आणि दोघंही हेकट. त्यांचा संसार कसा झाला, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

फिटर तसे देवमाणूस हो, पण त्यांच्या हत्यारांना हात लावायची प्राज्ञा नव्हती. पाना जागचा हलला की घर डोक्यावर घ्यायचे. केसाएवढी फट मोजायचं त्यांचं एक माप होतं, पातळ पोलादी पट्ट्यांचं. बाईंनी एकदा त्यातल्या एका पट्टीने करपलेलं पातेलं खरवडलं. त्यावर फिटर आधी ओरडले, मग अबोला धरून बसले, आणि अबोला सुटल्यावर राहिलेलं ओरडून घेतलं. मुलगा तर लहानपणी बापाच्या स्क्रूड्रायव्हरला शिवायलाही घाबरायचा.

अशा माणसाला विसरण्याचा आजार जडला. सुरुवातीला चष्मा, किल्ल्या, दुधाची पिशवी, असलं काहीबाही. बाई हसण्यावारी न्यायच्या. मग एकदा फिटर कोपऱ्यावर दाढीची पाती आणायला गेले ते परत येईनात, आणि ओळखीच्या एका कंडक्टरने त्यांना हाताला धरून घरी आणून सोडलं, तेव्हा बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हळू आवाजात सांगितलं, की हे आता वाढत जाणार.

पण मागच्या खोलीत गेले की माणूस शाबूत. ही गंमत सगळ्यांनी पाहिली होती. सकाळी नातवाचं नाव न आठवलेला माणूस डब्यांपाशी बसला की कुठला बोल्ट कुठल्या भोकातला, कुठली वॉशर कुठल्या दांड्यावरची, एका दमात सांगायचा. गाडी उघडली तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, एका जागचं निघेल ते एका डब्यात. बाहेरच्याला त्यात काही संगती लागायची नाही. एकाच डब्यात एक लांब बोल्ट, दोन बुटके, एक स्प्रिंग आणि जेमतेम कागदाच्या जाडीची चकती. फिटरांना मात्र डबा उघडला की गाडीचा तो कोपरा डोळ्यांपुढे उभा राहायचा. लिहून ठेवायचा त्यांना मनस्वी कंटाळा. "डबे आहेत ना," म्हणायचे.

मुलगा दुसऱ्या शहरात होता. त्याचं म्हणणं, घर बंद करा आणि दोघं माझ्याकडे या. आईने एकटीने किती करायचं? बाई तयार नव्हत्या. नवऱ्याच्या डोक्यातला जो एक कोपरा अजून लखलखीत होता तो या मागच्या खोलीत होता. ती खोली सोडली तर काय उरणार, हे त्यांना नीट कळत होतं. शेवटी मायलेकरांत ठरलं, बाबा गाडी जोडताहेत तोवर इथेच राहायचं. ज्या दिवशी त्यांना जमेनासं होईल, त्या दिवशी गाडी जाईल आणि ही दोघं मुलाकडे.

मुलाने एक शंका मात्र काढलीच. "आई, पण एवढा जीव टाकण्याजोगी आहे का ती गाडी?"

बाईंनी ते कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला विचारलं. गल्लीत त्याला सगळे सायलेन्सर म्हणत, कारण गडी बोलायचा तो तोंडात रुमाल कोंबल्यासारखा. त्याने सांगाडा हलवून पाहिला, टाकीत नाक खुपसलं, सिलिंडरमधून बोट फिरवलं आणि म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा मी कुठूनतरी आणीन. बाकीचं घासून-पुसून होईल. पण काकू, ही गाडी माझ्या हातून जुळायची नाही. काकांनी गिअरबॉक्समध्ये स्वतः बनवलेल्या चकत्या घातल्यात, गिरणीतल्या लेथवर. बोल्टसुद्धा प्रत्येक भोकाचा वेगळा. लांबातला बुटक्याच्या जागी आवळला की इंजिनाच्या केसिंगला चीर. हे सगळं काकांच्या डोक्यात आणि या डब्यांत. हे आहे तोवर गाडी करण्यासारखी आहे."

"आणि नंतर?"

"नंतर वजनावर जाईल."

बाईंनी हे मनावर घेतलं. गोळ्या चुकू द्यायच्या नाहीत, झोप मोडू द्यायची नाही, डोळ्यांत तेल घालून सगळं सांभाळायचं. आणि एवढं सगळं सांभाळणाऱ्या बाईच्या हातूनच व्हायचं ते झालं.

कसल्याशा तपासण्यांसाठी मुलगा येऊन बापाला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. दोन-तीन दिवस तिथेच राहायचं होतं. घर रिकामं. बाईंना बसवेना. सायलेन्सर रिंगा घेऊन येणार होता आणि फिटर परतले की लगेच जुळवाजुळव सुरू होणार होती. तेवढ्यात आपण खोली आवरून द्यावी, म्हणजे त्यांचा त्रास वाचेल, असं त्यांच्या मनात आलं. त्यात त्यांचं काय चुकलं, मला सांगा. उभ्या जन्मात नवऱ्याच्या त्या पसाऱ्याला हात लावायची संधी पहिल्यांदाच मिळत होती.

बाईंनी एक डबा उघडला. त्यात लांब, बुटके, जाड, बारीक, सगळं एकत्र. हे बटणांच्या दुकानात वाढलेल्या डोळ्यांना बघवेना. दुकानात पहिली शिकवण हीच, सारख्यात सारखं. दिवसभरात गिऱ्हाइकांनी कालवलेला माल संध्याकाळी चादरीवर ओतायचा आणि मापाप्रमाणे आपापल्या डब्यात घालायचा. बाईंनी चादर अंथरली, एकेक करून सगळे डबे त्यावर रिकामे केले. रॉकेलमध्ये प्रत्येक तुकडा धुतला, फडक्याने पुसला. मग लांब बोल्ट एकात, बुटके दुसऱ्यात, स्प्रिंगा वेगळ्या, चकत्या मोठ्यापासून लहानापर्यंत. दुकानात डब्याच्या तोंडावर नमुन्याचं बटण शिवलेलं असायचं, तसा त्यांनी प्रत्येक झाकणावर एकेक नमुना दोऱ्याने बांधला. कंबर मोडली, हात रॉकेलने चरचरले. पण सगळे डबे फळीवर ओळीने लागले तेव्हा बाई दारात उभ्या राहून स्वतःशीच हसल्या. आपल्या हातचं काम त्या खूप दिवसांनी बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सायलेन्सर रिंगा घेऊन आला. खोलीच्या उंबऱ्यात आला आणि तिथेच थांबला.

"कसं झालंय?" बाईंनी विचारलं.

त्याने एक झाकण काढलं, लावलं. दुसरं काढलं. मग तिथेच जमिनीवर बसला. "काकू, हे कुणी केलं?"

"मीच. का रे?"

बाईंना त्याच्या तोंडाकडे बघूनच कळायला लागलं, पण नीट कळेना. मग त्याने आपल्या दबक्या आवाजात समजावून सांगितलं. डबा म्हणजे जागा होती. हे सगळे बोल्ट आता एकमेकांचे भाऊ दिसताहेत, पण यातला कुठला कुणाच्या घरचा, हे सांगायला आता डबा उरलेला नाही. गाडी जोडायची वाट त्या पसाऱ्यात होती आणि ती धुतली गेली.

बाईंनी विचारलं, "परत लावता येईल?"

"मला नाही. काकांना येत असेल तर येईल." त्याने रिंगांची पुडी खिडकीत ठेवली. "काका आले की मला बोलवा. मी असलो तर तुम्हाला जरा कमी ओरडतील."

आता फिटर येणार, बघणार, आणि गल्ली दणाणून सोडणार. बाईंनी मनाशी सगळं ठरवलं. उलटून बोलायचं नाही, रडायचं नाही, ओरडू द्यायचं. ओरडून झालं की तेच चिडचिडत खाली बसतील, एकेक बोल्ट उचलतील, "ही बाई म्हणजे," असं पुटपुटत पुन्हा सगळं जागच्या जागी लावतील. बाई त्या ओरडण्याची इतकी वाट बघत होत्या, की सारख्या उठून दारात जात होत्या.

फिटर मुलाबरोबर परतले. चहा झाला. सवयीप्रमाणे मागच्या खोलीकडे वळले. बाई मागोमाग. सायलेन्सर आधीच येऊन कोपऱ्यात उभा होता.

फिटर फळीसमोर उभे राहिले. इकडून तिकडे सगळे डबे नजरेखालून घातले. झाकणावरच्या नमुन्याला बोट लावलं.

"कुणी लावलं गं हे?"

"मी लावलं."

"वा. अगदी दुकानासारखं."

बाईंना वाटलं, टोमणा आहे. अजून फुटायचंय सगळं. पण फिटर खाली बसले, एक डबा मांडीवर घेतला, त्यातला बोल्ट काढून उजेडात फिरवून पाहिला. सायलेन्सर पुढे झाला. "काका, हा कुठला हो? क्लचकडचा की मॅग्नेटोकडचा?"

फिटरांनी बोल्ट पुन्हा बघितला. झाकणावरच्या नमुन्याशी ताडून पाहिला. "हा इथलाच," म्हणाले, आणि त्याच डब्यात टाकला. मग दुसरा काढला, तोही ताडून पाहिला आणि परत टाकला. चेहरा शांत, समाधानी.

"अहो," बाई म्हणाल्या, "मी सगळं मिसळून ठेवलंय. तुमचे डबे मोडले मी. रागवा ना माझ्यावर."

"अगं, असू दे. छान झालंय." फिटरांनी झाकण लावलं आणि डबा होता तिथे नेऊन ठेवला. मुलगा दारात उभा होता. बापाच्या त्या शांतपणाने तो हादरला.

सायलेन्सर निघाला तेव्हा बाई त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेल्या. "मला एक खरं सांग. हे माझ्यामुळे गेलं, की आधीच गेलं होतं? मी डबे हलवले नसते, तर त्यांना आज आठवलं असतं का?"

सायलेन्सरने पायातल्या चपलेकडे बघितलं. "काकू, हे मला कसं कळणार?"

आणि खरंच, कुणाला कळणार? डॉक्टर म्हणाले, आजार आहे, जायचंच होतं. मुलगा म्हणाला, आई, तू मनाला लावून घेऊ नकोस. माझं म्हणाल तर मला दोघांचाही राग आला. न लावून काय करायचं बाईंनी? नवऱ्याच्या डोक्यातलं शेवटचं आपण आपल्या हातांनी धुऊन-पुसून ठेवलं, असं ज्या बाईला वाटतं, तिला लावून घेऊ नकोस म्हणणं किती सोपं आहे. बाई जागेपणी आणि झोपेतही त्या डब्यांच्या मागे होत्या. फिटर पुढच्या खोलीत बसले की त्या एकट्या मागे जायच्या, एखादा लांब आणि एखादा बुटका बोल्ट शेजारी ठेवून बघायच्या, काही आठवतंय का म्हणून. पण ते त्यांना कधी माहीतच नव्हतं, तर आठवणार कुठून?

ठरल्याप्रमाणे मुलाने आवराआवर काढली. गाडी न्यायला भंगारवाला टेम्पो घेऊन आला. सांगाडा दारातून निघेना, हॅंडल चौकटीला अडकलं. तेव्हा पुढच्या खोलीतून फिटर उठले.

"अहो, असं ओढू नका. आधी हॅंडल डावीकडे घ्या. हां. आता मागून उचला." स्वतः हात लावून त्यांनी सांगाडा टेम्पोत चढवून दिला. टाकी अशी ठेवायला लावली की ओरखडा जाऊ नये. डब्यांची गोणी चढली. फिटर दोन पावलं मागे सरले, आणि गिरणीत एखादं मशीन तपासावं तसं त्यांनी त्या गाडीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"जपानी आहे," ते भंगारवाल्याला म्हणाले. "फ्रेम सरळ आहे, टाकीला आतून गंज नाही. कुणाची हो ही?"

भंगारवाल्याने बाईंकडे बघितलं.

"कुणाची का असेना," फिटर म्हणाले, "मालकाला सांगा, मोडीत घालू नका. करण्यासारखी गाडी आहे. चांगला माणूस भेटला तर उभी राहील."

भंगारवाला तसाच उभा. टेम्पोचं इंजिन सुरू होतं. फिटर उत्तराची वाट बघत बाईंकडे वळले.

"सांगते मी त्यांना," बाई म्हणाल्या.