साठ्याचं परीक्षण

काल नातवाला शाळेच्या नाटकासाठी मिशी चिकटवताना स्पिरिट गमचा उग्र वास आला आणि मी थेट दुबईच्या अल मनखूल भागात जाऊन पोचलो.

नव्वदच्या दशकात आमचं तिथलं मराठी मंडळ दरवर्षी एकच लाडकं संगीत नाटक करायचं. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी फ्लॅटवर जमून, चहा पीत, सगळ्यांनी लिहिलेली गमतीची परीक्षणं मोठ्यानं वाचायची. मी नायक झालो त्या वर्षी मंडळातल्याच साठ्यानं वाचलं, "नायकाची मिशी सुटली, पण सूर काही सापडला नाही." सगळे पोट धरून हसले. माझी बायकोसुद्धा.

मी वर्षभर थांबलो. पुढच्या खेपेला नायक साठे होता. तो उत्तम गायला, हे मला कळलं होतं. तरी मी वाचलं, "साठ्यांपेक्षा हॉलचा एसी सुरात होता. यल्ला, चला साठे, आता खलास!"

हशा उसळला. साठेही हसला, पण त्यानं चहाचा भरलेला कप तसाच खाली ठेवला. त्याची छोटी मुलगी हळूच म्हणाली, "पप्पा, इट्स ओन्ली अ जोक."

त्यानंतर साठे कधीच गायला नाही. आज मला माझ्या त्या वाक्याची लाज वाटते. पण खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मी साठ्याचंच पद गुणगुणत घरी चालत गेलो, आणि एकही सूर चुकला नाही.