कुलपाची कळ

धुकं पडलं होतं. कुलूपवाल्याने शटर वर ढकललं आणि समोरून जाणाऱ्या दूधवाल्याला सहज विचारावं तसं विचारलं, "दाट आहे ना रे आज?"

"हाताला हात दिसत नाही, काका!"

कुलूपवाल्याला बरं वाटलं. म्हणजे आजचं धुकं बाहेरचं होतं. हल्ली हे कुणाला तरी विचारून घ्यावं लागे.

दुकान एवढंसं, की दोघांपैकी एकाला वळायचं तर दुसऱ्याने पोट आत घ्यायचं. पुढे मशीनवर सूनबाई चाव्यांच्या नकला कापायची. मागे हा शिकंज्यात चावी धरून कानस चालवायचा. कानस चालवताना पुटपुटायची त्याची जुनी खोड होती. कुलपाशी तो जेवढं बोलायचा तेवढं माणसांशी बोलला असता तर निवडून आला असता, असं सूनबाई म्हणायची. तिच्या जिभेलाही कानस लागलेलीच होती.

"चष्मा कुठंय, बाबा?"

"लोखंड गार पडलंय. आज बोटांनीच कळतंय."

"त्या खेळापायी डोळे फुटणारेत तुमचे एक दिवस."

त्याने कानस चालूच ठेवली. डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद दोन महिन्यांपासून खालच्या खणात, गंजक्या चाव्यांखाली पडून होता. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार. गेलेलं परत येत नाही. उरलंय ते दोन वर्षं टिकेल, फार तर तीन.

खेळ मुलाने दिलेला. मुलगा जहाजावर. बापलेक समोरासमोर बसले की "जेवलास?" आणि "हो" याच्यापुढे गाडी जायची नाही. पण रविवारी दुपारी दोघं आपापल्या पडद्यासमोर बसून त्या खेळातल्या राखगडात शिरले, की बोलणं खळखळ वाहायचं. राक्षस, जादूगार, पडके किल्ले, आणि बाप ढाल घेऊन पुढे. दुसरा भाग तीन वर्षांनी येणार होता. म्हणजे नेमका तेव्हा, जेव्हा याला राखगड दिसणार नव्हता.

तो दिसला नाही तरी चालेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. लढाई मुलगा करेल. कुलपं मी उघडीन. पण राखगडातली कुलपं डोळ्यांनी उघडायची होती. पडद्यावर एक काटा फिरायचा, हिरव्या पट्टीवर आला की बटण दाबायचं. "कुलूप कधी डोळ्यांनी उघडतं का? घड्याळ आहे का ते?" असं तो पहिल्या दिवशीच मुलावर भडकला होता. हातातला कंट्रोलर थरथरतो, मग कुलपाचा ठाव हाताला का लागू नये?

खेळ बनवणाऱ्या कंपनीने दुसऱ्या भागासाठी शौकिनांकडून सूचना मागवल्या होत्या. प्रत्येक भाषेच्या ग्रुपमधून दहा, आज दुपारी बाराच्या आत. यांच्या ग्रुपचा म्होरक्या स्वतःला 'चाबूक' म्हणवून घ्यायचा. कुलूपवाल्याचं तिथलं नाव 'वाकडी चावी'.

साडेदहाला चाबकाने यादी टाकली. त्याने फोन नाकाला लावून वाचली. घोड्याला जिना चढता यावा. गावकऱ्यांनी तेच ते वाक्य बोलू नये. सोबत्याने दारातच ठाण मांडू नये. आणि नववी: "कुलूप फोडताना चोर चुकला, तर खेळणाऱ्याच्या हाताला वेदना व्हावी." खाली हसणारे चेहरे आणि अंगठेच अंगठे.

त्याचं डोकं सणकलं. त्याने लिहिलं होतं, "कुलूप उघडताना हाताला कळ लागली पाहिजे." त्याच्या धंद्यात कळ म्हणजे कुलपाच्या पोटातला खटका. जगाच्या बोलीत कळ म्हणजे दुखणं.

त्याने चाबकाला फोन लावला. "अहो, मी कुठं म्हटलं दुखावं म्हणून?"

"काका, लोकांना तीच आवडली. मतं लिहिलेल्या वाक्याला पडतात, मनातल्या नाही."

"मग बदला."

"नीट समजेल असं लिहा, कारणासकट. बाराच्या आत तीस अंगठे पडले तर बदलतो. पण आपल्यातल्या किती जणांनी खरं कुलूप हातात धरलंय?"

तो लिहायला बसला. "कळ म्हणजे" एवढं लिहून झालं, पुढचं सुचेना. चाळीस वर्षं बोटं जे करत आली ते तोंडाने कधी सांगितलंच नव्हतं. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. तेवढ्यात एक बाई धापा टाकत आली, पायात एकच चप्पल.

"कचरा टाकायला बाहेर आले नि दार ओढलं गेलं! पोरगी आत आहे, दीड वर्षाची. गॅसवर दूध आहे!"

त्याने पिशवी उचलली. बाईच्या मागे पळतापळता सूनबाईला फोन लावला. "तूही आहेस ना त्या ग्रुपात? तुझ्या नवऱ्याने घातलंय बघ. माझ्या वतीने लिही."

"काय लिहू? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!"

"लिही, की कळ... थांब, दार आलं." फोन त्याने खिशात कोंबला. बंद करायचं राहिलंच.

जिन्यात मिट्ट काळोख, दिवा गेलेला. दाराखालून करपल्याचा वास येत होता. आतून रडणं ऐकू येत होतं, मग ते अचानक थांबलं.

"रडत का नाहीये?" बाई किंचाळली.

"ताई, गप्प बसा जरा. हाताला ऐकू येऊ द्या."

त्याने डोळे मिटले. आत तार सरकवली आणि खोडीप्रमाणे पुटपुटायला लागला.

"हां... पहिली खिळी सैल आहे, ही लबाड, हिला शेवटी बघू. दुसरी ताठ. दाब हळू... हळू... टक्. कानाला नाही, नखाखाली. मुंगी चालल्यासारखी. आता तिसरी रुसलीय. रुसलेलीला ढकलायचं नाही, ढील द्यायची... अं हं, सगळ्याच पडल्या. हरकत नाही. पुन्हा. दुसरी... टक्. तिसरी... ये, ये बाई... टक्. आता अख्खं कुलूप मनगटाला सांगतंय, वळव."

दार उघडलं. धूर अंगावर आला. बाई आत धावली, त्याने चाचपडत गॅसची कळ फिरवली. पोरगी पलंगाखाली, तोंडात दुसरी चप्पल.

तो पायरीवर बसला. खिशातून आवाज आला, "बाबा! उघडलं का?"

"अगं, तू अजून फोनवर?"

"तुम्ही बोललात ते तसंच्या तसं लिहिलंय. मुंगीसकट. बारा मिनिटं राहिलीत. खाली चाबूक कारण मागतोय. असं का हवं?"

"असंच, मजा येते म्हणून लिही."

"मजेला कोण अंगठा देईल, बाबा?"

आत बाई पोरीचे पटापट मुके घेत होती. "लिही," तो म्हणाला, "ज्याला दिसत नाही त्यालाही उघडता यावं."

"कुणाला दिसत नाही?"

त्याने तार पुसून पिशवीत ठेवली. फोनमध्ये मशीन बंद केल्याचा आवाज आला.

"बाबा, कुणाला?"

"मला, पोरी. कागद खालच्या खणात आहे."

खण ओढल्याचा आवाज. चाव्या सांडल्याचा. मग कागद उलगडल्याचा.

तो जिन्याचा कठडा धरत उतरत होता तेव्हा ती पुन्हा बोलली. आता अंगठ्यांचे आकडे सांगत होती. "अकरा झाले... सोळा... कुणी तलवारताई म्हणतेय, माझ्याही भावाला दिसत नाही, तो नुसता ऐकत बसतो... बावीस... बाबा, बारा वाजले. सव्वीसच आहेत."

तो फुटपाथवर थांबला. धुकं विरलं होतं बहुतेक. विचारायला जवळ कुणी नव्हतं.

"थांबा, चाबकाने लिहिलंय. 'माझं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे.' अठ्ठावीस... एकतीस! बाबा, लागली!"

"काय लागली?"

"कळ!"

दुकानात शिरला तर कागद मशीनवर सरळ करून ठेवलेला. सूनबाईचे डोळे लाल. "कंपनी ऐकेलच असं नाही," ती म्हणाली.

"नाहीच ऐकत कंपन्या."

"आणि तुमच्या लेकाला आज रात्री तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

"रविवारी सांगतो."

"आज."

"बरं, आज." त्याने सकाळची अर्धी चावी शिकंज्यात घट्ट केली, अंगठ्याने दात चाचपला आणि कानस लावली. "मुंगी कशाला लिहिलीस?" तो म्हणाला. "सरक, उजेड सोड."

ती सरकली. मग पोट आत घेऊन तिने दिवा ओढून त्याच्या हाताजवळ आणला.