येसाजी मास्तरांचा हुंकार

येसाजी मास्तरांना इंग्रजी येत होतं, पण डोळ्यांनी. कानांनी येत नव्हतं. खालापुरात हे फक्त दोघांना ठाऊक होतं, एक खुद्द मास्तरांना आणि दुसरं त्यांच्या आईला, इंदूबाईला.

मास्तर मूळचे कोंडाण्याचे. तिथल्या भातशेती करणाऱ्या घरात मॅट्रिक झालेला हा पहिलाच मुलगा. गावानं नारळ दिला, आईनं घरोघर गूळ वाटला, आणि नवा कोट घालून येसाजी मुंबईला एका गोऱ्या साहेबाच्या कचेरीत मुलाखतीला गेला. साहेबानं नाव विचारलं, तेवढं कळलं. पुढं साहेब तोंडातल्या तोंडात जे काही बोलला, त्यातलं एक अक्षर कळेल तर शपथ! पण मोठ्या माणसानं विचारल्यावर गप्प बसायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. येसाजी म्हणाला, "यस सर." साहेबानं भुवया चढवल्या आणि आणखी काही विचारलं. "यस सर." तिसऱ्यांदा विचारलं. "यस सर!"

बाहेर आल्यावर दारातल्या कारकुनानं कपाळावर हात मारून घेतला. साहेबानं विचारलं होतं, "तुला ही नोकरी नको आहे का?" मग, "नक्की ना?" आणि शेवटी, "मग पुढच्या माणसाला बोलावू का?"

त्याला आता बारा वर्षं झाली होती. कोट केव्हाच विरला, मास्तर खालापूरच्या इंग्रजी शाळेत लागले, चष्मा आला, पण कुणी समोर येऊन फाडफाड इंग्रजी बोलायला लागलं की तळहाताला घाम फुटायचा तो फुटायचाच.

शाळा म्हणजे तरी काय, भाताची एक जुनी वखार. पाऊस लागला की भिंतींना कोंड्याचा वास यायचा. इंग्रजी पाचवीपर्यंत, म्हणजे आताच्या नववीपर्यंत, वर्ग होते आणि पाचवीत अकरा मुलं. पुढं शिकायचं तर पनवेल गाठायचं. चव्वेचाळीस साली दिवाळीनंतर हेडमास्तर आबाजीरावांनी मास्तरांना बोलावून घेतलं.

"येसाजीराव, सहावीच्या वर्गाला परवानगी मागितलीय. फाल्गुनात इन्स्पेक्टर साहेब येणार. विलायतेहून आलेला गोरा माणूस आहे. पुस्तक घेऊन इंग्रजी गोष्ट वाचतो आणि पोरांना प्रश्न विचारतो. मग एक उतारा वाचायला देऊन उत्तरं लिहून घेतो. पोरांना ऐकून कळलं नाही तर वर्ग नाही. दोन शाळांना नकार देऊन आलाय."

झालं! ज्या विहिरीत मास्तर स्वतः बुडता बुडता वाचले, तीत आता अकरा पोरांना घेऊन उतरायचं होतं.

बाकीच्या दहा मुलांचं एक वेळ निभावलं असतं. कुणी पनवेलला मामाकडं राहिला असता, कुणी बापाच्या शेतावर गेला असता. पण अकरावी होती शहाजादी. तिचे वडील मोहियुद्दीनभाई, बाजारात त्यांचं चहाचं दुकान. माणूस अर्धं आयुष्य गोऱ्या कप्तानाच्या बोटीवर खानसामा होता. मास्तर एकदा भीतभीत पनवेलचा विषय काढायला गेले, तर मोहियुद्दीनभाईंनी कप विसळता विसळता सांगून टाकलं, "मास्तर, पोरगी हुशार हाय, मला काय दिसत नाय? पण पनवेलला मी तिला धाडणार नाय. इथं वर्ग निघाला तर पुढं शिकंल. नाय निघाला तर संपलं." शहाजादी आतल्या दारात उभी होती. तिनं मास्तरांकडं जे पाहिलं, ते मास्तरांना कितीतरी दिवस जेवताना घास उतरू देईना.

मास्तरांनी पोरांपुढं इंग्रजी वाचायला सुरुवात केली. वाचून झालं की विचारायचे, "समजलं?" अकराही तोंडं एका सुरात म्हणायची, "हो सर!" आणि प्रश्न विचारला की अकराही खाली बघायची. हे तर ते मुंबईचं 'यस सर'च होतं, नुसतं मराठीत! मास्तर चिडले, ओरडले, एकदा खडूचा तुकडाही भिरकावला. पोरं आणखी जोरात "हो सर" म्हणायला लागली.

एका रविवारी दुपारी मास्तर घरात मोठ्यानं इंग्रजी वाचून जीभ साफ करत होते. इंदूबाई समोर बसून मोड आलेले वाल सोलत होती. मास्तरांनी एक वाक्य वाचलं की ती म्हणायची, "हूं." पुढचं वाचलं, "हूं."

"अगं आये, तुला काय कळतंय त्यातलं?"

"डोंबल कळतंय! लेक एकटाच बडबडतोय म्हणून साथ देत्ये."

"मग कशाला हूं हूं करतेस? गावाकडं खळ्यावर म्हातारे नाना गोष्ट सांगायचे, त्यांना असा हुंकार दिला असतास का?"

इंदूबाईचा हात थांबला. "नानांपुढं? छ्या! नाना लई बेरकी. गोष्ट सांगता सांगता मधीच घुसडायचे, 'मग वाघानं झाडावर चढून दोन अंडी घातली.' जो हूं म्हनंल त्यानं सकाळी आख्खं खळं झाडायचं. कळलं तर हूं, नाय कळलं तर गप. गप बसलं की नाना मागं जायाचे, पुन्हा सांगायचे. तू नाय का तीनदा झाडलंस?"

मास्तर पुस्तक तसंच टाकून उठले. इंदूबाई हाका मारत राहिली, "आरं येसू, कुठं निघालास? भात निवतोय!" पण मास्तर कसले थांबतात!

सोमवारपासून पाचवीच्या वर्गात नवा कायदा आला. मास्तर इंग्रजीत गोष्ट वाचणार. प्रत्येक वाक्याला, कळलं तर हुंकार. नाही कळलं तर बिनधास्त गप्प. वर्ग गप्प झाला की मास्तर मागं येणार, पुन्हा वाचणार, कितीही वेळा. आणि मधे कुठंही ते खोटं घुसडणार. खोट्याला जो हूं म्हणेल त्यानं संध्याकाळी वखार झाडायची.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी धीरगंभीर आवाजात वाचलं की शेतकऱ्याच्या म्हशीनं चष्मा लावला आणि वर्तमानपत्र उघडलं. वर्ग म्हणाला, "हूं!" सर्वांत मोठा हूं पदूचा. हा पदू झोपेतसुद्धा हूं म्हणेल असा पोरगा. त्या संध्याकाळी अकरा केरसुण्या चालल्या आणि वखारीतून धुळीचा लोट बाजारापर्यंत गेला. पदूनं त्या महिन्यात सोळा वेळा वखार झाडली. पण हळूहळू पोरांना गप्प बसायचं धैर्य आलं. सोपं नसतं हो ते. सगळे हूं म्हणत असताना आपण एकट्यानं गप्प राहायचं म्हणजे छातीत धडधडतं.

पुस्तक मनात वाचतानाही तेच. वाक्य संपलं की मनात हूं म्हणायचं, आणि जिथं हूं येत नाही तिथं पेन्सिलीनं बारीक फुली मारायची. पुढं पळायचं नाही, फुलीपाशी थांबून मागचं पुन्हा वाचायचं. मार्गशीर्षात पुस्तकं फुल्यांनी भरली होती. माघात रबर फिरवून फुल्या पुसायचं काम सुरू झालं.

एक अडचण राहिली. पोरांना मास्तरांचं इंग्रजी कळायला लागलं, पण मास्तरांचं इंग्रजी कोंडाण्याच्या वळणाचं. साहेबाचं विलायती कोण ऐकवणार? मास्तर पुन्हा चहाच्या दुकानात गेले.

"मी?" मोहियुद्दीनभाई हसायला लागले. "मास्तर, मला ए बी सी डी येत नाय!"

"वाचू नका. तुमच्या कप्तानासारखं बोला. एखादी वादळाची गोष्ट सांगा."

तर मोहियुद्दीनभाई फेटा बांधून शाळेत आले आणि खुर्चीवर न बसता उभ्यानंच सुरू झाले. अरे बाप रे! तो सुसाट सुटलेला घोडाच. शब्द अर्धे गिळायचे, उरलेले नाकातून. वर्ग चिडीचूप. मास्तर पोरांबरोबर शेवटच्या बाकावर बसले होते. नागूनं मान वळवून विचारलं, "सर, तुम्हीपण हूं नाही केलात?"

बारा वर्षं दडवून ठेवलेली गोष्ट. तळहात भिजले. पण समोर अकरा पोरं गप्प बसायचं धाडस करत होती, त्यांच्यापुढं खोटं बोलायला मास्तरांची जीभ उचलेना. "नाही रे," ते म्हणाले. "मलाही नाही कळलं." मग मुंबईची ती सगळी हकिगत त्यांनी वर्गाला सांगून टाकली. पोरं पोट धरधरून हसली, मास्तरही हसले, आणि मोहियुद्दीनभाईंना त्यांनी विनंती केली, "मागं या. पुन्हा सांगा." त्यानंतर दर शुक्रवारी नमाज आटोपून मोहियुद्दीनभाई येत. मास्तर शेवटच्या बाकावर. पहिला हुंकार बहुतेक वेळा शहाजादीचा, दुसरा मास्तरांचा.

फाल्गुन आला. साहेब यायच्या आदल्या दिवशी आबाजीरावांनी वर्गात येऊन दम दिला, "उद्या ते हूं हूं बंद! साहेबाला वाटेल टवाळी करताहेत. एकानं जरी आवाज काढला तर वर्ग गेला म्हणून समजा." मास्तरांनीही पोरांकडून शपथ घेतली. उद्या हुंकार मनात.

पेट्रोलच्या टंचाईमुळं कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून उतरल्यामुळं साहेबाच्या पांढऱ्या पाटलोणीवर काजळी आणि कपाळावर आठ्या होत्या. वखारीच्या ओट्यावर पालकांनी गर्दी केली होती, त्यात मोहियुद्दीनभाई दुकान बंद करून आलेले. साहेबानं पिशवीतून जुनं पुस्तक काढलं आणि थेट वाचायला घेतलं. गोष्ट दीपगृहाच्या राखणदाराची. वादळ, दिव्याचं तेल संपलेलं, आणि म्हातारा होडी घेऊन तेल आणायला निघालेला. एक वाक्य झालं. वर्ग शांत. दुसरं झालं. तिसऱ्याला पदूच्या तोंडून निसटला, "हूं."

पदूनं तोंडावर हात दाबला. पण सवय ती सवय! चौथ्या वाक्याला मोरूचा हूं, पाचव्याला सगळ्या अकरांचा. आबाजीरावांनी डोळे मिटून घेतले.

साहेबानं पुस्तक खाली घेतलं आणि मास्तरांकडं वळून झरझर इंग्रजीत विचारलं, "हा काय प्रकार आहे? तुमची मुलं माझी चेष्टा करताहेत का?"

बारा वर्षांपूर्वीचं उत्तर जिभेच्या टोकावर आलं होतं. नुसतं 'यस सर' म्हटलं असतं तर सगळाच कारभार आटोपला असता. पण मास्तरांना प्रश्न कळला होता! शब्द न् शब्द कळला होता. ते उभे राहिले आणि कोंडाण्याच्या वळणाच्या इंग्रजीत म्हणाले, "नो सर." मग सावकाश सांगितलं, की आमच्याकडं गोष्ट ऐकणारा असं बोलून सांगणाऱ्याला कळवतो की मला समजलं. समजलं नाही तर तो गप्प राहतो. ही मुलं तुमचा मान राखताहेत.

"असं?" साहेब म्हणाला. विश्वास बसलेला दिसत नव्हता. त्यानं घड्याळ पाहिलं, पान उलटलं आणि पुढं वाचू लागला.

एक वाक्य झालं. वर्ग गप्प. दुसरं झालं. गप्प. साहेब आपला वाचतोय. तिसरं, चौथं. वखारीत पाल चुकचुकली असती तरी ऐकू आली असती, इतकी शांतता.  मास्तरांनासुद्धा हूं येत नव्हता.

साहेब थांबला. त्याच्या ओठांवर जरासं हसू आलं. "काय, आता समजेना वाटतं?"

शहाजादी उभी राहिली. पेन्सिल बाकावर ठेवून ती न अडखळता इंग्रजीत म्हणाली, "सर, म्हातारा अजून होडीतच आहे. दोर त्याच्या हातात आहे. तेल मिळालेलं नाही. मग हे लग्न कोणाचं? आणि ही घोडागाडी समुद्रात कुठून आली?"

साहेबानं पुस्तकात पाहिलं. मग बोटाला थुंकी लावून पान चोळलं. दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. ती सोडवताना त्याचे कान लाल झाले. शंभर शाळांत शंभर वेळा वाचलेली गोष्ट. वाचणाऱ्याचं लक्ष नव्हतं, ऐकणाऱ्यांचं होतं!

आणि मग तो विलायती माणूस असा गडगडून हसला म्हणता, की ओट्यावरच्या लोकांना काय झालं कळेना, तरी तेही हसले. "माझं चुकलं," तो म्हणाला, "मागं जातो." चिकटलेली पानं त्यानं पहिल्यापासून वाचली, आणि दर वाक्याला अकरा हुंकार, धडाधड, उखळात मुसळ पडावं तसे. नंतर उतारा दिला. पोरांनी फुल्या मारत, मागं जात, उत्तरं लिहिली. शेवटी साहेबानं शहाजादीला ऐकलेली गोष्ट तिच्या शब्दांत सांगायला लावली. तिनं दोन वाक्यं सांगितली आणि तिसऱ्याला साहेबाच्याच तोंडून आलं, "हूं."

साहेबानं शेरेबुकात तिथंच लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, की जूनपासून सहावीचा वर्ग सुरू करावा. आबाजीरावांनी ते मराठीत सांगण्याआधीच ओट्यावरून मोहियुद्दीनभाईंचा दणदणीत हुंकार आला. ते फेट्याच्या टोकानं डोळे पुसत होते आणि शेजारच्याला सांगत होते, "माझी पोर हाय ती! साहेबाला मागं जायला लावलंन!"

संध्याकाळी इंदूबाई वाल सोलत बसली होती. मास्तर तिच्यासमोर मांडी घालून सगळं सांगायला लागले. मोटार, काजळी, पदूचा हूं, आपलं 'नो सर', चिकटलेली पानं, सगळं सगळं. दर वाक्याला इंदूबाईचा हुंकार पडत होता, आणि या वेळी एकही साथ देण्यापुरता नव्हता. मास्तरांचा उत्साह ओसंडून चालला.

"मग आये, साहेब खुर्चीवरून उठला आणि माझ्या पाया पडला."

हुंकार आला नाही. इंदूबाईनं वाल खाली ठेवला, कोपऱ्यातली केरसुणी लेकाच्या हातात दिली आणि म्हणाली, "ऊठ. अंगण झाड."

आणि चष्मा वर सारून, हसत हसत, मास्तरांनी अंगण झाडलं.